कुरणातलं बेट

१

कुरण कापलेलं होतं.

गाडीतून उतरायच्या आधीच मला ते दिसलं. कमरेएवढं गवत वाऱ्यावर डोलत असायला हवं होतं, तिथे ते आडवं पडून वाळत होतं. कापलेल्या गवताचा वास एरवी मला फार आवडतो. त्या दिवशी मी गाडीची काच वर केली.

माझं काम आधी सांगून टाकते. सरकार काही शेतकऱ्यांना गवत न कापण्याबद्दल मदत देतं. हसू नका, खरंच देतं. चंडोल जमिनीवरच, गवताच्या बुडाशी घरटं करतात. त्यांची पिल्लं उडून जाईपर्यंत कुरणात यंत्र घालायचं नाही, असा दीर्घ मुदतीचा करार असतो. पाळला तर दरवर्षी मदत, मोडला तर करार रद्द आणि आजवर घेतलेलं सगळं परत. कोण पाळतो आणि कोण मोडतो हे बघत मी रानोमाळ हिंडते. एका जागी दोन घटका बसवत नाही म्हणून ऑफिसात मला भिंगरी म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, एवढीच काय ती सभ्यता.

आणि हे कुरण कुणा लुंग्यासुंग्याचं नव्हतं, आबांचं होतं. योजना आली तेव्हा सगळे शेतकरी एकमेकांच्या तोंडाकडे बघत असताना पहिली सही आबांनी केली होती. आता वयामुळे शेत त्यांची लेक बघायची. तिला सगळे ताई म्हणत, मीही म्हणायचे. महिन्याभरापूर्वी तिच्याबरोबर गुडघ्यावर रांगत मी या कुरणातली घरटी शोधली होती आणि प्रत्येकाशेजारी लाल फीत बांधलेली काठी रोवली होती. आज मी फक्त पिल्लं मोजायला आले होते.

आबा ओट्यावर उभे होते. स्वच्छ सदरा, नीट विंचरलेले पांढरे केस. मला ओळखून हसले आणि म्हणाले, "ऊन फार आहे, पोरी. गाडी झाडाखाली लाव."

मी हो म्हटलं आणि गाडी गोठ्याच्या सावलीत लावली, कारण झाड काही मला दिसलं नाही. तोवर ताई बाहेर आली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी काही विचारायच्या आत तिचा धाकटा भाऊ तिच्या मागून पुढे झाला.

"शोधाशोध करत बसू नका, मॅडम," तो म्हणाला. "कुणी कापलं ते मला ठाऊक आहे."

२

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. कापलं ते यंत्रवाल्यानं. हा यंत्रवाला आजूबाजूच्या शेतांवर भाड्यानं कापणी करतो. योजनेमुळे कापणी उशिरा होते, तोवर दुसरीकडची कामं अंगावर येतात आणि त्याची त्रेधा उडते. मागच्या आठवड्यात चारचौघांत तो बोलून गेला होता, एक दिवस हे गवत मीच भुईसपाट करतो, मग बघू काय करता ते. त्याचा ट्रॅक्टर यांच्याच शेडमध्ये उभा असतो, कारण त्याच्याकडे शेड नाही. आणि यंत्राच्या पात्यांत ताजं गवत अडकलेलं होतं, ते धाकट्यानं मला हाताला धरून दाखवलं.

कापणी कालची होती, हे गवतावरून मलाही कळत होतं. काल ताई दिवसभर शहरात गेली होती. धाकटा घरी होता, पण जेवून झोपला होता आणि त्याला काही ऐकू आलं नाही म्हणे. शेड त्याच्या खोलीला लागून आहे. तो ट्रॅक्टर सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरतात. अशी झोप मला कधी लागणार, देव जाणे.

तो पुढे बोलतच राहिला. या कुरणाचा घरादाराला उपयोग काय, बियाण्याच्या बटाट्यांची कंपनी जमीन भाड्यानं घ्यायला टपून बसली आहे, आणि आम्ही पाखरं पाळतोय. लहानपणी मधोमध एक झाड तरी होतं झोका बांधायला. ते वादळात पडलं, आबांनी बुंधासुद्धा खणून काढला, आता तिथे नुसतं गवत. ताई हे सगळं ऐकत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. करार रद्द झाला तर परतफेडीसाठी जमीन कंपनीला द्यावीच लागणार होती. मग नांगर फिरणार आणि कुरण कायमचं जाणार. आम्हा तिघांनाही ते पक्कं माहीत होतं.

पण यंत्रवाल्यानं खोडसाळपणा केला असेल तर घरच्यांकडे बोट दाखवायचं कारण नव्हतं. करार टिकला असता. योजनेतल्या शेतांवर कापणीची कामं ज्यांना मिळतात, त्या यादीतून यंत्रवाल्याचं नाव कायमचं कटलं असतं, एवढंच. एवढंच म्हणायला सोपं आहे. त्या यादीवर त्याची चूल पेटत होती.

कापणीचं मी आल्या आल्या ऑफिसात कळवलं होतं, इतक्यात साहेबांचा फोन आला. कोण ते संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणाले, उद्या वरची मंडळी येताहेत. मी बरं म्हटलं, फोन खिशात टाकला आणि तडक कुरणात गेले. बसून विचार करणारे लोक मला कधी समजलेले नाहीत. माझं डोकं पायांबरोबरच चालतं.

तिथे मला तीन गोष्टी दिसल्या.

फाटकापासून कुरणाच्या मध्यापर्यंत चाकांच्या दोन ओळी गेल्या होत्या. त्या ओळींतलं गवत धड कापलं गेलं नव्हतं, चेपून राहिलं होतं. म्हणजे ट्रॅक्टर आधी उभ्या गवतातून सरळ मधोमध नेला, कापणी तिथून सुरू केली आणि वेढे घेत घेत बाहेरच्या कडेला आणली.

दुसरी गोष्ट बघून मला रडू आलं, ते लपवत नाही. आमच्या काठ्या चाकांखाली मोडून पडल्या होत्या. बहुतेक घरटी रिकामी होती, पिल्लं पळाली असावीत. एकात मात्र पळण्याइतकी मोठी झालेली नव्हती.

आणि तिसरी गोष्ट अशी की मध्याच्या जरा पलीकडे गवताचं एक गोल बेट न कापता सोडलेलं होतं. खोलीएवढं असेल. यंत्र त्याला छान सावकाश वळसा घालून गेलं होतं. तिथे घरटं असणार म्हणून मी आत शिरून हातांनी गवत बाजूला करत सगळं चाचपलं. घरटं नव्हतं. दगड नव्हता, खड्डा नव्हता, काहीच नव्हतं.

पहिल्या गोष्टीनं मी अस्वस्थ झाले होते. सगळे कापणारे कडेनं सुरू करून आत येतात, ते सोपं पडतं. त्यात पिल्लं आणि ससे आत आत सरकतात आणि शेवटी मधल्या उरल्यासुरल्या गवतात सापडून मरतात. मधून सुरू केलं तर त्यांना बाहेर पळायला वाट मिळते.

खोडसाळपणा करणारा माणूस एवढी तसदी घेत नाही. ज्यानं हे कुरण कापलं, त्याला पाखरांची काळजी होती.

३

यंत्रवाला त्याच्या अंगणात पंप उघडून बसला होता. मला बघून उठला नाही, हातही पुसले नाहीत. धाकट्यानं काय सांगितलं असेल ते त्यानंच मला सांगितलं, जवळजवळ शब्दाला शब्द.

मी बोललो, असं तो म्हणाला. बोललो कारण तोंड आहे. पण काल दिवसभर तो नदीपलीकडच्या शेतावर पंप बसवत होता आणि त्या शेताचा मालक शेजारीच उभा राहून चुका काढत होता. मी त्या मालकाला तिथूनच फोन लावला. त्यानं दुजोरा दिला, वर पंपाबद्दल तक्रारही केली.

मग ट्रॅक्टर कुणी चालवला, असं मी विचारलं. किल्ली तर ट्रॅक्टरलाच लावलेली असते, तो म्हणाला. आबांकडूनच घेतलेला तो ट्रॅक्टर, आबांनीच लावून दिलेली सवय आहे म्हणे. घरातला कुणीही बसून निघू शकतो.

मी त्याला चाकांच्या ओळींचं सांगितलं. तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला. तोंडावरचा राग गेला आणि त्या जागी काहीतरी दुसरंच आलं. 

"मॅडम, माझं नाव कटलं तर कटू दे," तो म्हणाला. "हे इथेच सोडा."

मी म्हटलं, हे सोडायला मला पगार मिळत नाही.

"मग ऐका. मधून कापायचं वेड या भागात एकाच घरात आहे. योजनेच्या प्रशिक्षणाला गेलो होतो तेव्हा मलाही शिकवलं होतं. पण मी कडेनंच कापतो, डिझेल वाचतं."

४

ताईला मला शोधावंच लागलं नाही. मी फाटकात शिरले तेव्हा ती गोठ्यापाशी उभी होती, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून.

"मी कापलं," ती म्हणाली. "यंत्रवाल्याचा काही संबंध नाही. लिहून घ्या."

गुरांना वैरण कमी पडत होती म्हणून कापलं, असं कारण तिनं दिलं. शहरातून लवकर परत आले होते, कुणाला कळलं नाही. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून घराच्या खिडकीकडे बघत होती.

मला तिचा राग आला. वर्षानुवर्षं ओळखते मी तिला. हीच बाई चंडोल अंडी उबवत असला की कुत्र्याला साखळीनं बांधायची. वैरण कमी पडली असती तर तिनं माझ्या मागे लागून ऑफिस डोक्यावर घेतलं असतं.

मी एवढंच विचारलं की मधलं बेट का सोडलं.

"घरटं होतं तिथे."

"आणि काठ्या?"

ती वळून कुरणाकडे बघायला लागली. काठ्या मोडल्या आहेत हे तिनं पाहिलंच नव्हतं. पाहायला ती कुरणात गेलीच नव्हती. रिकाम्या जागेतलं घरटं वाचवायला वळसा घालायचा आणि स्वतःच्या हातांनी रोवलेल्या लाल काठ्यांवरून चाक न्यायचं, असं ताईनं करणं शक्य नव्हतं. ती खोटं बोलत होती. खोटं बोलून ती शेत घालवायला निघाली होती, म्हणजे ज्याला वाचवत होती तो तिला शेतापेक्षा मोठा होता.

भावासाठी ती हे करणार नाही, याची मला खात्री होती.

५

मी पुन्हा कुरणात गेले आणि त्या बेटाभोवती फेऱ्या मारायला लागले. ऊन कलायला आलं होतं. साहेबांचा फोन वाजून बंद झाला, परत वाजला. मला चहा हवा होता, सावली हवी होती, घरी जायचं होतं, आणि पाय थांबत नव्हते.

सावली हवी, या विचारापाशी मी अडखळले.

ऊन फार आहे, पोरी. गाडी झाडाखाली लाव.

अंगणात झाड नाही. फाटकात नाही. ओट्यावर उभं राहून समोर जिथवर नजर जाते तिथवर एकही झाड नाही. होतं ते एकच, धाकट्याच्या लहानपणी, कुरणात. झोका बांधायचे ते. वादळात पडलं. बुंधासुद्धा खणून काढला म्हणून जमिनीवर काही खूण नाही.

मी बेटाच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि घराकडे पाहिलं. ओटा बरोब्बर समोर होता. यंत्रानं घातलेला वळसा फांद्यांच्या घेराएवढा होता.

मग सगळं आपोआप जुळत गेलं आणि मला ते जुळायला नको होतं. मधून कापायची रीत या घरातली, पण ताईला ती शिकवली कुणी? ट्रॅक्टर आता यंत्रवाल्याचा, पण तो चालवायची सवय कुणाच्या हातांना? लाल काठ्या यंदाच्या होत्या, करारही झाड पडल्यानंतरचा. कापणाऱ्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. झाड मात्र त्याला दिसत होतं. त्यानं जुनं कुरण कापलं होतं, जुन्या हंगामात, आणि आपल्या परीनं अगदी नीट कापलं होतं.

ताई माझ्यामागून येऊन कधी उभी राहिली ते कळलं नाही. मी वळले तेव्हा तिनं माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

हिवाळ्यापासून, ती म्हणाली. आधी नावं विसरायचे, मग वेळ. एकदा आईला हाक मारून जेवायला वाढ म्हणाले, आईला जाऊन किती वर्षं झाली. कालही ती शहरात गेली होती ती डॉक्टरांनाच विचारायला. धाकट्याला बजावून गेली होती, आबांना एकटं सोडू नकोस. तो कंपनीच्या माणसाला भेटायला गेला. परत आली तर आबा ओट्यावर बसलेले, बाह्यांवर गवताचे तुरे, आणि चेहरा इतका समाधानी की तिच्यानं एक शब्द बोलवला नाही.

"करारावर सही त्यांची आहे," ती म्हणाली. "मालकाचं डोकं ठिकाणावर नाही असं कळलं तर करार राहील का? आणि धाकटा उद्याच त्यांचा अंगठा घेऊन जमीन देऊन टाकेल. म्हणून म्हटलं, मीच कापलं म्हणावं. निदान आबा आबाच राहतील."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिच्यावर ओरडावंसंही वाटलं. कारण नियम तिला माहीत नव्हता आणि मला पाठ होता.

६

नियम असा आहे. करार केलेला शेतकरी आजारपणामुळे शेती बघण्यालायक राहिला नाही आणि त्यातून चूक घडली, तर ती चूक धरत नाहीत. करार त्याच्या जागी शेत बघणाऱ्याच्या नावावर होतो. डॉक्टरचा दाखला लागतो. आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय त्याला समोर बसवून, घरच्यांदेखत, स्पष्ट सांगावं लागतं. पाठीमागे करता येत नाही.

म्हणजे जे लपवलं म्हणून सगळं बुडत होतं, तेच सांगितलं की वाचणार होतं. फक्त सांगायचं आबांना होतं.

ताई नको म्हणाली. मग थोड्या वेळानं हो म्हणाली. मी यंत्रवाल्यालाही बोलावून घेतलं, कारण आळ त्याच्यावर आला होता. तो आला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी चपला काढून उभा राहिला. धाकटा भिंतीला टेकून होता. काल तू घरी नव्हतास, असं मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं. त्यानं मान खाली घातली. ती संध्याकाळभर वर केली नाही.

सांगायला मी तोंड उघडलं, पण ताईनं मला हातानं थांबवलं. ती आबांच्या खुर्चीशी खाली बसली.

"आबा, काल कुरण तुम्ही कापलं."

"मग कोण कापणार?" आबा म्हणाले. "मधून सुरू केलं. जिवांना पळायला वाट नको का?"

"यंदा कापायचं नव्हतं, आबा. तुम्हीच तसं कबूल केलं होतं. तुमच्या लक्षात राहिलं नाही. हल्ली राहत नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराशी उभ्या यंत्रवाल्याकडे. कुणीतरी आपली बाजू घेईल म्हणून ते एकेकाचा चेहरा बघत होते. मी उभ्या उभ्या पाय बदलत होते. त्या खोलीतून पळून जावंसं मला कधी नव्हे इतकं वाटत होतं.

"झाडाशी वळलो की मी नीट," ते म्हणाले. "विसरलो असतो तर धडकलो नसतो का?"

 मग ते उठले आणि कुरणाकडे चालायला लागले. आम्ही मागोमाग गेलो. बेटापाशी येऊन ते थांबले, गवतात शिरले आणि डावा हात पुढे केला, रोज ज्याला टेकतो त्याला टेकायला करावा तसा. हाताला काही लागलं नाही. त्यांनी हात तसाच ठेवला.

मग ते बोलले, आणि आवाज अगदी शुद्धीवरचा होता.

"वादळात गेलं, नाही का? बुंधा मीच खणला."

"हो, आबा."

"मग मी कशाला वळलो?"

ताईला रडू आवरेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो नसलेल्या झाडावरचा हात असा अखेर कुठेतरी टेकला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, शेत आता हिच्या नावावर घाला, मला सही करता येतेय तोवर. चिडून नाही, रडून नाही. घर सोडताना माणूस किल्ली देतो, तसं. मग यंत्रवाल्याकडे बघून त्यांची नजर परत धूसर झाली.

"तू कापशील तेव्हा इथे जपून वळव," ते त्याला म्हणाले. "फांद्या खाली आल्यात."

"हो, आबा," यंत्रवाला म्हणाला.

करार टिकला. साहेबांनी कुरकुर केली, पण दाखल्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. बटाट्याची कंपनी दुसरीकडे गेली. धाकटाही गेला, अधूनमधून येतो आणि आबांची दाढी करून देतो.

पुढच्या वर्षी पिल्लं उडून गेल्यावर मी कापणी बघायला गेले. यंत्रवाल्यानं ट्रॅक्टर उभ्या गवतातून सरळ मध्यापर्यंत नेला आणि तिथून सुरुवात केली, डिझेलची पर्वा न करता. बेटाशी आल्यावर त्यानं वेग कमी केला, मान जराशी खाली घातली आणि लांबून सावकाश वळसा घेतला.

तो खाली उतरल्यावर मी विचारलं की आता एवढं कशाला, आबांना तर हल्ली ताईसुद्धा ओळखू येत नाही.

त्यानं घराकडे बोट केलं. खिडकीत आबा बसले होते आणि त्यांचं सगळं लक्ष ट्रॅक्टरकडे होतं.

"बघताहेत ना," तो म्हणाला.